अटी लागू : एक रसग्रहण

निवृत्त मराठीच्या मास्तराकडे लोक अभिप्रायासाठी काय काय आणून देतील ह्याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेचा मसुदा येतो, ग्रामपंचायतीतल्या अर्जाचा मायना येतो. घृष्णेश्वराच्या वाटेवरच्या बेल-फुलांच्या दुकानाची पाटीसुद्धा एकदा 'सर, ऱ्हस्व की दीर्घ?' असे विचारत आमच्या ओट्याला येऊन टेकली होती. दोन-चार कवितासंग्रहही आले. ते मी वाचले, अभिप्राय दिला, आणि कवी पुन्हा आले नाहीत.

पण मध्यंतरी जे साहित्य आमच्या दाराच्या फटीतून आत सरकले, त्यावर अभिप्राय कोणीही मागितलेला नव्हता. तरी तो देणे मला भाग आहे, कारण ह्या साहित्याने आमच्या घरातली एक मोलाची गोष्ट नेली. ती कोणती ते शेवटी सांगतो. समीक्षकाने आधी भरपूर अवांतर बोलावे आणि मुद्द्यावर शेवटी यावे, हा आपल्याकडचा संकेत आहे आणि मी तो मोडणार नाही.

कृती म्हणजे एक चकचकीत पत्रक. केबल कंपनीचे. पाठपोट छापलेले. पुढच्या बाजूला दात दाखवणारे चार जणांचे कुटुंब, त्यांच्या डोक्यावर 'अनलिमिटेड इंटरनेट, 40 एमबीपीएस, फक्त 599 रुपये' ही अक्षरे आणि 'अनलिमिटेड'च्या शेवटी, माशी बसावी तशी, एक फुली. मागच्या बाजूला त्या फुलीचा खुलासा. तो वाचायला मला आधी चष्मा, मग सौ.चा चष्मा आणि शेवटी नकाशे बघायचे शाळेतले जुने भिंग लागले.

रिवाजाप्रमाणे आधी लेखकाची पार्श्वभूमी. कंपनीचे नाव मी सांगत नाही. समीक्षा कृतीची करावी, कर्त्याची करू नये. पण कृती आमच्या हातात ज्याने दिली तो केबलवाला माझा जुना विद्यार्थी. सातवीत मराठीत काठावर पास झाला आणि पुढे कडुनिंबावरून पिंपळावर, पिंपळावरून पाण्याच्या टाकीवर आणि टाकीवरून आमच्या गच्चीवर तारा ओढत आयुष्यात मात्र पहिल्या वर्गात पास झाला. 1991 च्या खाडी युद्धाने शहरांना केबलचा नाद लावला. आमच्याकडे ती अंमळ उशिरा आली, पण आली ती ह्याच्या खांद्यावरून. ह्या पठ्ठ्याने सगळी सरकारी स्थित्यंतरे पचवली. 31 मार्च 2017 पर्यंत खेड्यापाड्यांतही डब्याशिवाय केबल नाही असे ठरले, तेव्हा त्याने डबे वाटले. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायने नवी दररचना आणली. शंभर वाहिन्यांना 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि पैसेवाल्या वाहिन्या वेगळ्या. तेव्हा हा वहीपेन्सिल घेऊन घरोघर बसला आणि कोणत्या सासूला कोणती वाहिनी हवी ते लिहून घेतले. 40 पैसे त्याने कधी मागितले नाहीत आणि आम्हीही कधी दिले नाहीत. असा परस्परांचा विश्वास होता.

मग त्याच तारांच्या जोडीने त्याने इंटरनेट आणले. त्याला मोजमाप काय होते ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पाऊस आला की ते जाई, पाऊस थांबला की येई. माकडाने तार ओढली की जाई, माकड कंटाळले की येई. ह्यात एक निसर्गाशी एकरूपता होती. पुढे त्याने आपले जाळे मोठ्या कंपनीला जोडून टाकले, आणि माकडांची जागा पत्रकाने घेतली.

"हे काय रे?" मी विचारले.

"नवीन प्लॅन सर. पयले माझी लाइन होती, आता कंपनीची आहे. कंपनीवाले वरूनच करायलेत सगळं. आपल्या हाती काही नाही."

वरून करण्याचे वेरूळच्या माणसाला खरे म्हणजे अप्रूप नसावे. आमचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात कोरले ते वरूनच. आधी कळस, मग पाया. पण त्या कारागिरांना एक अडचण होती. दगड एकदा उडवला की परत चिकटवता येत नाही, म्हणून छिन्नी लावण्याआधी शेवट कुठे आहे तो ठरवावा लागे. कंपनीला ही अडचण नाही. तिने आधी 'अनलिमिटेड' हा कळस केला आणि पाया कुठे आहे ते मागच्या बाजूला फुलीत टाकले.

आता प्रत्यक्ष रसग्रहण.

ह्या कृतीचा प्रधान अलंकार कोणता? वरवर वाचणारा अतिशयोक्ती म्हणेल. ते बरोबर नाही. अतिशयोक्ती ही प्रामाणिक असते. 'आकाशाला भिडले' म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ते भिडलेले नाही हे ठाऊक असते. इथला खरा अलंकार अपन्हुती. समोर जे आहे ते नाकारायचे आणि ते दुसरेच काही आहे म्हणून सांगायचे. 'हे मुख नव्हे, चंद्र आहे' असे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. पत्रक म्हणते, 'ही मर्यादा नव्हे, हे न्याय्य वापराचे धोरण आहे.' मागच्या बाजूच्या चौथ्या कलमाप्रमाणे हा न्याय्य वापर महिन्याला 400 जीबी आहे. त्यानंतर वेग 512 केबीपीएस. तीस वर्षांत अपन्हुतीचे इतके स्वच्छ उदाहरण मला मिळाले नाही. मिळाले असते तर ती पोरे नापास झाली नसती.

इथे वाचकांना थोडे गणित सोसावे लागेल. मीही सोसले. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिट. बिट आणि बाइट हे दिसायला मावसभाऊ असले तरी आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदाला फार तर 5 मेगाबाइट. ह्या वेगाने 400 जीबी संपायला 80 हजार सेकंद लागतात. म्हणजे 22 तास 13 मिनिटे. कंपनीने जो वेग देऊ केला आहे त्याच वेगाने, खंड न पाडता, जे देऊ केले आहे ते वापरले, तर महिनाभराचे अमर्याद दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमारास संपते. पुढचे एकोणतीस दिवस न्याय.

देशातल्या बऱ्याच फायबर योजनांत 'अनलिमिटेड'च्या पोटात महिना 3300 जीबीचा आकडा आढळतो. तिथे साध्या गृहस्थाला फुली वाचायची पाळी सहसा येत नाही. आमच्या घरी मात्र येते. टीव्हीवर स्वच्छ चित्र तासाला 3 जीबीपर्यंत खाते. सौ.च्या दोन मालिका, माझ्या बातम्या आणि त्या बातम्यांचा उतारा म्हणून पुन्हा एक मालिका, असे चार तास धरा. 12 जीबी झाले. मोबाईलवर येणारे सुप्रभात, त्यांना जाणारे प्रतिसुप्रभात आणि संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल मिळून आणखी चारेक. रोजचे 16 झाले तर 400 जीबी बरोबर 25 दिवस पुरतात. सव्वीस तारखेच्या सकाळी आमच्या घरात न्याय सुरू होतो.

न्यायाचा वेग किती? चाळीसाचा साधारण ऐंशीवा भाग. हे नीट कळावे म्हणून एस.टी.चे उदाहरण घेऊ. वेरूळहून संभाजीनगर तीस-एक किलोमीटर. गाडी तासाभरात पोहोचते असे समजा. ती ऐंशीपट हळू झाली तर तीन दिवस आठ तास लागतील. कंडक्टर म्हणेल, "गाडी बंद कुठं केली? चालूच आहे की. प्रवास अनलिमिटेड आहे, कितीबी वेळ बसा."

आता कृतीतला व्यंग्यार्थ. हा 512 आकडा कुठून आला असेल? 2016 च्या ऑक्टोबरात ट्रायने कंपन्यांना बजावले होते की घरगुती जोडणीची ठरलेली मर्यादा संपल्यावरही वेग 512 केबीपीएसच्या खाली नेऊ नका, आणि वापर 50, 90 आणि 100 टक्क्यांवर आला की ग्राहकाला कळवा. ग्राहकाच्या रक्षणासाठी घातलेली ही खालची पायरी. कंपनीने तीच आपली बैठक केली. दुसरीकडे सरकारच्या व्याख्या बघा. 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस होते, 2013 साली ते 512 झाले, आणि 2023 साली 2 एमबीपीएस. म्हणजे महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत आमच्या घरी जे येते ते अनलिमिटेड नाही हा आमचा समज झाला, पण सरकारी व्याख्येने ते ब्रॉडबँडही नाही. पुढच्या बाजूला 'अनलिमिटेड ब्रॉडबँड' असे दोनच शब्द मोठे छापले आहेत आणि सव्वीस तारखेनंतर त्यांतला एकही खरा राहत नाही. केवळ दोन शब्दांत दोन चुका करणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

निरोपाचेही सांगायला हवे. 50 टक्क्यांचा संदेश मोबाईलवर आला होता. तो इंग्रजीत होता, आणि त्याच्या वर कर्ज मंजूर झाल्याचा व खाली आणखी एक कर्ज मंजूर झाल्याचा होता. सौ.ने तिघांनाही एकाच झाडूने काढून टाकले. 90 टक्क्यांचा आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, नव्वद टक्के मिळालेत कुणाला तरी."

समीक्षक निःपक्षपाती हवा. म्हणून कंपनीची बाजू. तार एक असते आणि घरे पुष्कळ. दहा जणांच्या पंगतीत एकानेच वाढपी अडवून धरला तर बाकीचे उपाशी राहणार, तेव्हा काही माप हवे, हे मला पटते. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुले केले तेव्हा माप तासांचेच होते. फोन लावला की घड्याळ सुरू. पण त्याला कोणी 'अनलिमिटेड' म्हणाले नाही. अमेरिकेत कॉमकास्ट ह्या मोठ्या केबल कंपनीने 1 ऑक्टोबर 2008 पासून महिना 250 जीबीची मर्यादा घातली तेव्हा लोक खवळले. पण त्याआधी तिथे काय होते? वापर 'अति' झाला म्हणून ग्राहकाला ताकीद मिळे, जोडणीही तुटे, आणि अति म्हणजे किती ते मात्र सांगत नसत. 2008 साली निदान आकडा तरी उजेडात आला. 2016 साली तो वाढवून 1 टीबी केला. उजेडातल्या आकड्याशी भांडता येते. फुलीतल्या आकड्याशी कसे भांडणार? आधी भिंग शोधावे लागते.

शिवाय ह्या मापाने रोग बरा होतो का, हाही प्रश्न आहे. दौलताबादच्या किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जाणारा रस्ता आम्ही वर्षानुवर्षे अनुभवला आहे. रविवारी आणि श्रावणी सोमवारी त्या कमानीत अशी कोंडी होते की महंमद तुघलकाने राजधानी परत दिल्लीला का नेली ते तिथे उभे राहून समजते. कोंडीचे कारण काय? एकाच वेळी सगळे आले. आता कोणी म्हणाले की ह्यावर उपाय म्हणून महिन्याला माणशी तीसच फेऱ्या, आणि मंगळवारी पहाटे तीन वाजता रिकाम्या कमानीतून गेलात तरी ती फेरी मोजणार, तर त्या माणसाला आपण काय म्हणू? इंटरनेटची कोंडी होते ती रात्री आठ ते अकरा. महिन्याचे जीबी मोजून रात्री नऊची गर्दी हटत नाही. हटतो तो फक्त सव्वीस तारखेचा आमच्यासारखा माणूस.

खरे माप कसे असावे ते बघायला मला घराबाहेर फार लांब जावे लागत नाही. गावात शिवालय तीर्थ हे जुने कुंड आहे. चारी अंगांनी पायऱ्या उतरत जातात. पाणी भरपूर असले की पायऱ्या बुडालेल्या, ओसरू लागले की एकेक उघडी पडणार. किती उरले ते सांगायला फुली नको, संदेश नको, भिंग नको. काठावर उभा राहिलेला पोरगाही सांगेल. त्या कुंडाला कोणी 'अमर्याद जल' अशी पाटी लावलेली नाही, आणि त्यामुळेच कुंडाने फसवले असे आजवर कुणी म्हटलेले नाही. मर्यादा असण्याची लाज कशाला? ती झाकण्याची लाज असावी.

आता शेवट. म्हणजे मुद्दा.

लेक-जावई अटलांटाला असतात. नातू अकरा महिन्यांचा. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ, म्हणून रोज साडेसातला कॉल असतो. त्यासाठी सौ. मालिकासुद्धा थांबवते, ह्यावरून काय ते ओळखा. नातू सोफ्याला धरून उभा राहू लागला होता. रोज हात सुटेल-सुटेल असे वाटे आणि तो पुन्हा धरून बसे. आम्ही दोघे इथे श्वास धरून.

त्या महिन्यात सव्वीस तारीख आली आणि चित्र थिजले. आधी मला गंमत वाटली. वेरूळला लेणी 34, जगाच्या वारशाच्या यादीत 1983 पासून. आमच्या बैठकीच्या खोलीत पस्तिसावे लेणे उघडले. नातू एक हात वर करून, तोंड उघडे ठेवून, अगदी कोरल्यासारखा. मिनिटाने दुसरे शिल्प. लेकीचा आवाज तेवढा तुटत तुटत येत होता.

सत्तावीस तारखेला तो आवाज एकदम चढला. "बाबा, आई, बघा, बघा..." मग खरखर. आमच्यासमोर नातू सोफ्याला धरून उभा होता. उभाच होता. सौ. पदर मुठीत धरून बसली होती. मी राउटरच्या दिशेने हात जोडले, हे कबूल करतो. बऱ्याच वेळाने चित्र हलले तेव्हा नातू खोलीच्या मध्यभागी जमिनीवर बसून टाळ्या पिटत होता.

सोफा आणि ती जागा ह्यांच्यामध्ये त्याने तीन पावले टाकली होती. आयुष्यातली पहिली. ती 512 केबीपीएसमध्ये बसली नाहीत.

"तू रेकॉर्ड केलं असशील ना गं?" सौ.ने विचारले.

"कशावर करणार आई? मोबाईल तुमच्यासाठीच धरला होता ना."

सौ. काही बोलली नाही. उठून तिने राउटरवरची धूळ पुसली, जणू धुळीनेच अडवले होते.

एक तारखेला चित्र पुन्हा वाहू लागले. नातू तोवर चालायला सरावला होता. चालणे छानच होते, पण ते दुसऱ्या आवृत्तीचे. त्याच दिवशी केबलवाला बिलाला आला. 599 अधिक 18 टक्के, 706 रुपये 82 पैसे. ह्यावेळी 82 पैसेही छापून आले होते. सौ.ने त्याला चहा दिला आणि घडले ते सांगितले. तो कप हातात धरून तसाच बसला.

"मॅडम, मला फोन करायचा ना. मी काय लांब राहतो का? माझ्या मोबाईलवरून जोडून दिलं असतं. बाळ चालायलंय आणि तुम्ही..." पुढे त्यालाही सुचेना.

पत्रकात कुठेही नसलेले हे कलम ऐकून मला बरे वाटले. मी आत जाऊन पत्रक आणले.

"सर, किती मार्क देता?" त्याने जुन्या सवयीने विचारले.

मी लाल शाईचे पेन काढले. फुलीभोवती गोल केला आणि समासात लिहिले, 'हे पुढच्या बाजूला, इतक्याच मोठ्या अक्षरात लिहावे. महिन्यात किती उरले ते रोज दिसेल असे करावे. अनलिमिटेड हा शब्द खोडावा, अर्थ पाहावा.' खाली सही करून तारीख घातली.

त्याने ते नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवले. "कंपनीला दाखवतो सर."

दाखवेल. शाळेत असताना प्रगतिपुस्तकही तो घरी दाखवतो म्हणायचा.